एक वाजताची अंगाई

मंगळवारी दुपारी एक वाजता कांताची अंगाई रेडिओवर लागणार होती, आणि दुपारी एक ही त्या ओळीत कुणी तोंड उघडायची वेळच नव्हती.

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीतली ती ओळ, चौदा क्वार्टरांची. निम्म्या घरांतले पुरुष आळीपाळीने कारखान्यात रात्रपाळीला जायचे. ज्या दाराच्या कडीला गमछा बांधलेला असेल, त्या घरात डूटीवरून आलेला माणूस झोपलाय, हे जवळच्या उतई गावाहून भाजी घेऊन येणारीलासुद्धा ठाऊक होतं. गमछा दिसला की ती आपली हाक गिळायची आणि नुसतं एक वांगं वर धरून दाखवायची. या आठवड्यात गमछा कांताच्या कडीला होता. तिचा नवरा चंपत रात्रभर कारखान्यातल्या मिलमध्ये क्रेन चालवून सकाळी यायचा आणि अंघोळ, भाकरी झाली की अडीच वाजेपर्यंत मेल्यागत झोपायचा. ओळीतला एकुलता एक रेडिओ त्याच्याच उशाशी, फळीवर होता.

रायपूरला रेडिओ केंद्र सुरू होऊन सहाएक महिने झाले होते. दुपारी बायकांचा कार्यक्रम लागायचा. त्यातल्या बाईंना ओळीतल्या कुणी पाहिलं नव्हतं, पण सगळ्या जणी त्यांना ‘आपली रायपूरवाली’ म्हणायच्या. ती पाणी उकळा म्हणाली की चौदा घरांत पाणी उकळायचं. पोरांना देवीची लस टोचून घ्या म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर अख्खी ओळ उभी. कांताची सासू भागीरथा म्हणायची, “आपल्या पोट्ट्यांचं तिले काय समजते, तिले पोट्टे आहेत का नाही कोणाले ठाव,” आणि पाणी मात्र दोनदा उकळायची.

एकदा या बाईंनी सांगितलं, भिलाईत कारखान्यासाठी देशभरातून माणसं आली आहेत. त्यांच्या घरी लेकरं कोणत्या गाण्यावर झोपतात, ते आम्हाला लिहून कळवा. कांताने पोस्टकार्ड लिहायला घेतलं. लेक मितू, म्हणजे आठ महिन्यांची संघमित्रा, झोपली की दोन ओळी, ती उठली की बंद. असं ते कार्ड तीन दिवसांत पुरं झालं. महिन्याभराने चक्क बोलावणं आलं. चंपतला सोबत घेऊन ती पॅसेंजरने रायपूरला गेली आणि मितूला कडेवर घेऊनच अंगाई गाऊन आली.

इथवर सगळं नीट होतं. घोटाळा झाला तो शेजारच्या रुक्माला सांगितल्याने.

“तुले?” रुक्मा म्हणाली. “रेडिओवाल्यायनं तुले बोलावलं? कावून?”

“गायले.”

“रायपूरले बाजार करून आली अन् गाणं गायलं म्हणून सांगून राहिली. मले सांगितलं त सांगितलं, दुसऱ्याले नको सांगजो.”

दुसऱ्यांना रुक्मानेच सांगितलं. कांता रेडिओवर गायली म्हणे, मंगळवारी एक वाजता पाहू. संध्याकाळपर्यंत ओळीत दोन पक्ष पडले आणि कांताच्या पक्षात एकटी कांता होती. कारण चंपत तिचा नवरा, त्याची साक्ष कोण धरणार? आणि भागीरथा रायपूरच्या बेतावरच रुसलेली. “घरच्या झोळीजवळ बसायले टाइम नाही, अन् रायपूरले गाऊन राहिली,” एवढंच तिचं म्हणणं. अंगाई एकदाच लागणार होती. तेव्हा ओळीने ऐकली तर ऐकली, नाहीतर नळावर, दुकानात, लसीच्या रांगेत कांता जन्मभर खोटारडी.

मंगळवारी सकाळी चंपत डूटीवरून आला. झोपताना म्हणाला, “एक वाजता मले उठवजो. मी ऐकणार.”

“काही उठवू नको,” भागीरथा म्हणाली. “क्रेनवर बसते तो. खाली माणसं असते. त्याले डुलकी लागली त काय तुह्या गाण्यानं थांबन क्रेन?”

शेवटी तोड निघाली. रेडिओ स्वयंपाकघरात हलवायचा ठरला. शेजारी न्यावा, तर रेडिओ ठेवायच्या सरकारी लायसनावर याच घराचा नंबर होता, आणि तपासणीस कधी येईल सांगता येत नाही, असं सगळ्या म्हणायच्या. तो कधी आला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

स्वयंपाकघरात प्लगची सोय नव्हती. म्हणून दिवा काढून त्या होल्डरात वायर लावावी लागली. खिडकी एवढीशी, त्यामुळे दिवसासुद्धा खोलीत अंधार झाला. पलीकडच्या खोलीच्या खिडकीतून येणारी एरियलची तार तिथवर पोचेना. दोन हात कमी पडली. तारेचं टोक भागीरथाने सहज हातात धरलं, तर रेडिओ घंटेसारखा खणखणीत वाजायला लागला. सोडलं की खरखर.

“आत्याबाई, तसंच धरून राहा.”

“किती वेळ?”

“गाणं होतवर.”

“मी काय खुंटा हाव?” असं म्हणत भागीरथा पाटावर चढून, हात वर करून उभी राहिली.

साडेबारापासून बायका यायला लागल्या, चपला हातात घेऊन. पंजाबीण आली, तेलुगू बाई आली, रुक्मा तर सगळ्यात आधी येऊन रेडिओसमोरच बसली. चंपतला जाग येऊ नये म्हणून कुणी नळाच्या तोटीला चिंधी बांधली. कुणी अंगणातल्या बकरीला कोबीची पानं टाकली. चौदा घरांत भांडं वाजेना, पोर रडेना. ओळीवर अशी शांतता पसरली, जशी कारखाना उभा राहायच्या आधी त्या माळावर असेल.

आणि त्या शांततेने चंपत ताडकन उठला.

कितीही जपलं तरी वाजणाऱ्या भांड्यांत, कपडे धुण्याच्या धोपटण्याखाली, मितूच्या किंकाळ्यांत तो रोज बिनघोर झोपायचा. आज कानाला काहीच लागेना तसा त्याला घाम फुटला. लुंगी सावरत तो स्वयंपाकघराच्या दारात आला. “काय झालं? कारखाना बंद पडला काय?”

अंधारात त्याला नुसते डोळे दिसले. बारा-पंधरा जोड्या डोळे, आणि त्यांच्यावर हात उंच करून उभी असलेली आपली आई. तो एक पाऊल मागे सरला. त्या पावलात वायर अडकली. होल्डर रिकामा झाला आणि रेडिओ मुका.

“घ्या,” रुक्मा म्हणाली. “आता म्हणन, लागणारच होतं, पण वायर निघाली.”

एकला सात मिनिटं होती. चंपत स्टुलावर चढला. भागीरथा पाटावरून “शॉक लागन, शॉक लागन” करत राहिली, कांता खालून त्याचे पाय धरून राहिली. वायर लागली. पण तो रेडिओ काही लगेच बोलणारा नव्हता. आतले दिवे तापेपर्यंत त्याला दीड-दोन मिनिटं लागायची. तापला, तर या धक्काबुक्कीत काटा सरकलेला. कुणीतरी पुरुष धानावर पडलेल्या किडीबद्दल सावकाश बोलत होता.

“हेच का थे गाणं?” रुक्माने विचारलं.

कांताने दात आवळून बटण पिळलं. एक शिट्टी, एक दुसरी शिट्टी, आणि मग तो ओळखीचा आवाज. “अब सुनिए, भिलाई से आई हुई...”

इतक्यात भागीरथाच्या नाकावर माशी बसली. तिने तार सोडून माशी हाकलली. तेवढ्यात खरखर झाली. तिने पुन्हा तार धरली तेव्हा नाव सांगून झालं होतं.

“नाव काय म्हणाली?” पंजाबिणीने हिंदीत विचारलं.

“माशी,” रुक्मा म्हणाली.

पण गाणं सुरू झालं. कांताने श्वास रोखला. खोक्यातून खरंच तिचा आवाज येत होता. थोडा बारीक, थोडा लांबचा, जसा विहिरीतून कुणी हाक मारावी. ‘नीज माह्ये मैने, भट्टी तांबडी झाली, तुह्या बाबाची डूटी आता सरत आली.’ आपलं आपल्याला असं कधी ऐकू येतं, हे तिला माहीत नव्हतं.  एवढंच एक गाणं ऐकायचं होतं, बस.

मांडीवरच्या मितूने मात्र आधी रेडिओकडे पाहिलं, मग आईच्या मिटलेल्या तोंडाकडे, मग परत रेडिओकडे. आई एकीकडे, आईचा आवाज दुसरीकडे. हा हिशेब तिला मुळीच पटला नाही. तिने भोकाड पसरलं.

“श्श.”

“पोरीले घे वो.”

“बाहर ले जा ना इसको.”

“अवो, पण मीच त...” कांता म्हणाली.

“ऐकू त दे बाई,” रुक्मा म्हणाली. “तुह्यासाठीच आलो नं आम्ही? जा बाहेर.”

आणि अशी कांता स्वतःच्या गाण्यातून बाहेर काढली गेली.

अंगणात तिने मितूला थोपटलं, उन्हात चमकणारी बकरी दाखवली, कोबीचं पान हातात दिलं. मितू निळी-जांभळी होत होती. ती एकाच गाण्यावर गप्प व्हायची आणि ते गाणं आत चालू होतं. कांताचा नाइलाज झाला. तिने तेच गाणं धरलं. खिडकीतली कांता एक कडवं पुढे होती आणि अंगणातली तिच्यामागून धावत होती. तिला तिकडचं ऐकायचं होतं, म्हणून ती जरा थांबली की मितू पुन्हा सूर लावायची. मग पुन्हा गा.

खिडकीतून रुक्माचं डोकं बाहेर आलं. “हळू वो कांता. आतलं ऐकू येत नाही.” आणि तिने खिडकी लावून घेतली.

मितू झोपली तेव्हा कांता आत आली. रेडिओवर आपली रायपूरवाली उन्हाळ्याच्या भाज्या वाळवायची रीत सांगत होती.

“झालं?” कांताने विचारलं.

“झालं नं,” रुक्मा म्हणाली. “चांगलं गायली बाई. गोड आवाज होता. पण तू नव्हती.”

“मीच होती.”

“तू त अंगणात गाऊन राहिली होती. आम्ही सगळ्यायनं ऐकलं. एक बाई एका टायमाले दोन जाग्यावर कशी गाईन?”

“अवो, त्यायनं आधीच टेपवर घेतलं. रायपूरले. मंग आज लावलं.”

“रायपूरवाली रोज म्हणते, आता एक वाजला. तवा एकच वाजलेला असते का नाही? थे का टेपवर असते?”

 दारात उभा असलेला चंपत म्हणाला, “मी होतो नं सोबत. काचेतून पाहत होतो.”

“भाऊजी, तुमी अजून झोपेत आहा. मघा कारखाना बंद पडला म्हणत होते.”

बायका हळूहळू उठायला लागल्या. चपला शोधायला लागल्या. कांताने खांद्यावरच्या मितूचं डोकं सावरलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तीन दिवस लिहिलेलं कार्ड, पॅसेंजरमधली उभ्याने केलेली वाट, सगळं त्या बंद खिडकीपाशी संपलं होतं. उद्यापासून नळावर जायचं कसं?

“थांब रुक्मा,” भागीरथा म्हणाली. ती अजून पाटावरच उभी होती. “दुसऱ्या कडव्यात शिंक आली होती. ऐकली का?”

“आली,” तेलुगू बाई म्हणाली. “छींक आया था.”

“दोन आल्या,” पंजाबीणही हिंदीत म्हणाली.

“दोन,” भागीरथा म्हणाली. “एक मोठी, एक लहान, अन् मंग ‘अं’. आमच्या मितूची आहे थे शिंक. जन्मल्यापासून या मांडीवर ऐकून राहिली मी. अशी शिंक दुसऱ्या कोणाच्या घरी असन त दाखवा.”

 शिंक रुक्मानेही ऐकली होती, आणि मितूची शिंक ओळीत सगळ्यांना पाठ होती. अखेर ती पुढे झाली आणि तिने आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन झोपलेल्या मितूच्या कानामागे लावलं.

“रेडिओवर आली माय आमची पोट्टी,” ती म्हणाली. “कोणाची नजर नको लागाले.”

मग सगळ्या जणी परत आल्या. प्रत्येकीने मितूचा पाय धरून पाहिला. चौदा घरांत मितूची शिंक पोचायला दहा मिनिटं पुरली. चंपतही ‘माही लेक’ करत, तिला खांद्यावर घेऊन, गमछा काढून बाहेर गेला. कांता रिकाम्या स्वयंपाकघरात दिवा होल्डरात लावत होती आणि भागीरथा दुखरा हात चोळत पाटावर बसली होती.

“आत्याबाई,” कांता हळूच म्हणाली. “अन् गाणं कसं होतं?”

भागीरथाने थोडा विचार केला.

“दुसऱ्या शिंकेपर्यंत चांगलं होतं,” ती म्हणाली. “मंग मी तिसरीची वाट पाहत राहिली.”