ज्या दगडाला सरांनी जीभ लावली नाही

गजभिये सर दगड चाटतात. सौंसरच्या आमच्या कॉलेजात ते भूगर्भशास्त्र शिकवतात, मी इतिहास. नवा दगड हाती आला, की त्याला जीभ लावायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "बोलून राहिला हा!" ओल्या दगडाचा खरा रंग दिसतो म्हणे. पाण्यानंही ओला होतो, हे त्यांना सांगून उपयोग नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या संग्रहाची यादी करायला मी मदतीला गेले. एका खोक्यात पांढरा, रेशमाच्या लडीसारखा दगड होता. चिठ्ठीवर 'स्कोलेसाइट, पांढुर्णा', म्हणजे खनिजाचं नाव आणि ते सापडलं ते गाव. मी गमतीनं एक तंतू उपटला.

"मॅडम, हलू नका!"

सर कधी ओरडत नाहीत. त्यांनी आधी पंखा बंद केला. नाकाला रुमाल बांधून, भिंग धरून ते वाकले. जीभ नाही लावली.

"स्कोलेसाइटची सुई कडकन मोडते. हे तर सुतासारखं वाकून राहिलं."

"म्हणजे?"

"ॲस्बेस्टॉस असंन. आपल्या इकडच्या संगमरवरात सापडते तसं. बारीक तंतू उडतात, फुफ्फुसात जाऊन बसतात. सावकाश ठेवा खाली."

मी दगड आणि तंतू टेबलावर ठेवले. सरांनी दगडावर पाणी फवारलं, दोन पिशव्यांत बांधला, टेबल ओल्या फडक्यानं पुसलं. दाराला कुलूप लावून पाटी टांगली: 'आत येऊ नये. दगड आजारी आहे.' मुलं हसली. माझा घसा मात्र पंधरा दिवस खवखवत राहिला.

नागपूरहून तपासणीचा कागद आला. ॲस्बेस्टॉसच होतं. खोक्यातल्या चिठ्ठीवरचं अक्षर सरांचंच होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षातलं. तेव्हापासून दरवर्षी तो दगड त्यांनी वर्गात हातोहात फिरवला होता.

दुसऱ्या दिवशी ते स्टाफरूममध्ये जुने हजेरीपट घेऊन बसलेले दिसले. फोन कानाला.

"रामाकोन्याची सुनीता ना तू? मी गजभिये सर. खोकला-गिकला नाही ना बाई? दम लागते का चढताना? ... नाही नाही, सहजच."

"सर," मी म्हटलं, "एकदा हातात घेतल्यानं काही होत नाही, असं माझा घसा तपासताना डॉक्टर म्हणाले ना?"

"मले मालूम आहे," ते म्हणाले. नावापुढे बारीक खूण केली आणि पुढचा नंबर लावला.