सिंहाचा कान

"गाईड? गाईड कशाला हवा? मी काय मेलोय का!" तिकीटखिडकीपाशीच मी जाहीर करून टाकलं.

त्याला कारण होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी सासऱ्यांच्या मते मी नुसता बोलघेवडा! हे मत आज बदलायचंच होतं. या जुन्या शहरातली एकूण एक देवळं, वेशी, थडगी मी आठवडाभर घोकली होती.

"अहो, बाबांसमोर यावेळी तरी शोभा करून घेऊ नका," बायको म्हणाली.

"तू बघच!"

मोठ्या देवळाच्या पायरीवर दगडी सिंह बसला होता. "हा बाराशे वर्षांपूर्वीचा बरं का!" असं म्हणत मी त्याच्या डोक्यावर ऐटीत हात टेकला. कट्! सिंहाचा कान माझ्या हातात!

समोरच पाटी होती: 'हात लावल्यास दोन वर्षं कैद.' मी चटकन इकडेतिकडे पाहिलं. बायको फोटो काढत होती, सासरे कळस बघत होते. मी तो कान पटकन सासऱ्यांच्या औषधांच्या पिशवीत कोंबला.

पुढच्या दोन देवळांत मी काय माहिती सांगितली ते देवालाच ठाऊक. तोंड चालू होतं, लक्ष सगळं त्या पिशवीकडे होतं. कुठे शिट्टी वाजली की वाटायचं, आले पकडायला! शेवटी राहवेना. पहारेकऱ्याला गाठलं आणि हळूच म्हटलं, "साहेब, तो कान... कान पडला हो!"

त्याने माझ्यामागे उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. "अरेरे! आजोबांचं कानाचं मशीन?"

मी वळून बघतो तर सासऱ्यांचा कान खरंच रिकामा! पंधरवड्यापूर्वी घेतलेलं नवंकोरं मशीन गायब! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच!

मी हो-नाही म्हणेपर्यंत दारं बंद झाली. कर्ण्यावरून पुकारा झाला, "एका आजोबांचा कान हरवला आहे! कोणीही पाय उचलू नये!" शंभर-दीडशे माणसं जागच्या जागी बसून फरशी चाचपायला लागली.

"आधी त्यांचीच पिशवी बघा की!" एक बाई ओरडली. पहारेकऱ्याने पिशवीत हात घातला आणि तो कान बाहेर काढला.

"आजोबांचा कान एवढा मोठा?"

मी स्वतःचे दोन्ही कान पकडले. "चुकलो! दोन वर्षं टाका आत, पण सासऱ्यांसमोर बेड्या नका घालू!"

"अहो, सिमेंटचा आहे तो! खरा सिंह संग्रहालयात आहे. या महिन्यातला हा चौथा कान! शिकलेसवरलेले दिसता, पाटी वाचता येत नाही?" सगळ्यांदेखत त्याने माझी यथेच्छ कानउघाडणी केली. बायकोने कपाळाला हात लावला. तुरुंग टळला, पण अब्रू गेली ती गेलीच.

सासरे छतावरचं नक्षीकाम निरखत होते. मी मान खाली घालून त्यांच्यापुढे गेलो. त्यांनी सावकाश खिशातून मशीन काढलं आणि कानात बसवलं.

"गाडीत फार घरघर होत होती, म्हणून सकाळीच काढून ठेवलं. ही माणसं काय शोधतायत हो?"

म्हणजे यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं! माझा जीव भांड्यात पडला. "काही नाही, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी चक्क माझ्या पाठीवर हात ठेवला. "आज फार बरं वाटलं, जावईबापू. सकाळपासून एक अक्षर बोलला नाहीत!"