चष्मो नाकाचो असता

आमचा सगुण कुणाला भेटला की नमस्कार करत नसे. दोन्ही तळवे वाटीसारखे वाकवून समोरच्याच्या डोळ्यांवर ठेवायचा आणि विचारायचा, "उजेड येता?"

माणूस गोंधळून "येतो" म्हणाला, की पुढचा प्रश्न, "खयसून? नाकाकडसून काय गालाकडसून?"

हे त्याने भटजींना केलं, वाहतूक पोलिसाला केलं, आणि एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही केलं. तो बिचारा हाराच्या अपेक्षेने मान वाकवून उभा होता. "नाकाकडून," असं तो म्हणाला. "मगे तुमी आमच्या उपेगाचे नाय," म्हणून सगुण टेम्पोत बसून निघूनही गेला. उमेदवाराने आमच्या वाड्यावरची सगळी मतं गेली असंच धरलं.

लोक त्याला 'हिरो' म्हणत, कारण त्याच्या खोलीच्या भिंतीवर खिळ्याखिळ्याला गॉगल टांगलेले. हे नाव मी ठेवलेलं. सगुणबद्दल गावात जे सांगतात ते अर्धं चूक आहे, आणि माझ्याबद्दल जे चांगलं सांगतात ते जवळजवळ सगळंच चूक. माझं वय झालं आहे. दोन्ही एकदा सरळ करून ठेवतो.

लाटंबार्से गावात माझा काजूचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, बिया भाजायचा फिरता लोखंडी ड्रम, आणि सोलायला बसणाऱ्या काही बायका. सगुण माझा टेम्पो चालवायचा. त्याच्या गावच्या, इब्रामपूरकडच्या बागांतून कच्च्या बिया आणायचा आणि तयार गर किनाऱ्यावरच्या दुकानांत पोचवायचा. त्याची थोरली बहीण रतन ड्रमवर होती. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला वाढवला. तो तिला 'बाय' म्हणतो. बिया कधी उतरवायच्या ते तिला वासावरून कळायचं. तिने भाजलेल्या गराला डाग म्हणून नसे.

काजू भाजताना टरफलातलं तेल उडतं, आणि ते कातडीला लागलं तर कातडी घेऊनच जातं. एक दिवस ते रतनच्या डाव्या डोळ्याखाली उडालं. डोळा वाचला, पण जखम चिघळली आणि भरून येताना गालात खळगा पडला. मी मलम आणलं, भरपगारी रजा दिली, आणि स्वतःला भला माणूस समजलो. ती परत आली तेव्हा तिला सोलायला बसवली आणि हुकूम काढला, डोळे पुरते झाकणारा चष्मा बसल्याशिवाय रतनने ड्रमजवळ यायचं नाही.

तो चष्मा मालकाने आणायचा असतो हे मला सुचलं नाही. ते सगुणला सुचलं.

"सोलूचा काम हातांचा," रतन पदराने गाल झाकून मला म्हणायची. "माजा काम नाकाचा. भाऊ, माका ड्रमार घेवा."

"चष्मा बसला का?"

"नाय."

"मग बस इथे."

पहिला चष्मा वेल्डिंगवाल्याचा आला. नाकाशी बसला, पण खळग्यापाशी करंगळी जाईल एवढी फट. दुसरा मोटारसायकलवाल्याचा. तिसरा पोहायचा, त्याने डोळ्यांभोवती वर्तुळं उठली आणि रतन दोन दिवस घुबडासारखी दिसत होती. तेव्हापासून सगुणने शास्त्रच काढलं. "चष्मो डोळ्याचो नसता, नाकाचो असता. मगे गालाचो." पट्टा त्याच्या लेखी फसवा. "पट्टो काय, खयचीय गोष्ट तोंडार बांधून ठेवतलो. पट्टो सोड, मान हालय, तरी रवलो तर तो आपलो." त्यानंतर पेजेची परीक्षा. उकळत्या पेजेच्या मडक्यावर तोंड धरायचं, काचेवर वाफ धरली की चष्मा नापास. त्या दिवसांत इब्रामपुरात त्यांच्याकडे पेज निवलेली कुणी खाल्ली नसेल.

माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा गाडी चालवायला म्हणून याला नेला. कांदेपोहे आले, मुलगी आली, आणि सगुण एकदम म्हणाला, "कपाळ रुंद असा. नाकाची दांडी मात्र एक नंबर!" मुलीच्या बापाचा चेहरा उतरला. "आमच्या मुलीला चष्मा नाही हो!" "नाय? तर मिया देतंय," सगुण म्हणाला. मुलगी एवढी हसली की लग्न ठरलं. स्कूटरवरून दिवचलीला बाजारात जाताना ती अजून तोच लावते.

आता रतनला न बसणाऱ्या चष्म्यांचं काय करायचं? सगुण शेडमधल्या एकेकीचा चेहरा ओंजळीत धरून बघायचा आणि जो जिला बसेल तो तिला देऊन टाकायचा. भिंतीवर उरायचे ते कुणालाच न बसलेले. बघता बघता माझ्या शेडमधल्या प्रत्येक बाईच्या डोळ्यांवर चष्मा आला. बाहेरच्या लोकांनी ते पाहिलं आणि कामगारांच्या डोळ्यांना जपणारा मालक म्हणून माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, भाषणं. सगुण मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी उठून एक वाक्य बोललो असतो तर काम झालं असतं. बोललो नाही. घरी येऊन शाल त्याच्या खांद्यावर टाकली, तर दुसऱ्या दिवशी त्याने ती कापून बायकांना काचा पुसायला वाटली. मऊ होती म्हणाला.

मग हरमलच्या किनाऱ्यावर एक गोरा भेटला.

आम्ही तिथे एका दुकानात काजू उतरवत होतो. उघडाबंब, माडासारखा उंच माणूस बाकावर चहा पीत बसलेला. काश्मीरकडे बर्फावर फळी बांधून घसरायला गेला होता आणि तिथून थेट इकडे आलेला, हे दुकानदाराने सांगितलं. सगुण सवयीने त्याच्यापुढे गेला आणि डोळ्यांवर तळवे ठेवले. मी डोळे मिटले. म्हटलं, आज मार खातोय.

पण "उजेड येता?" ऐकू आलं नाही. मी बघितलं तर सगुणचे हात तसेच, आणि डावा अंगठा त्या माणसाच्या गालावर थांबलेला.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "हो गाल बायचो."

गोऱ्याचं गालाचं हाड कधीतरी बर्फावर आपटून आत गेलं होतं. तसाच खळगा, त्याच जागी. रतन कधी पदर सोडून बाजारात गेली नसती, दुकानात बसून चष्मे लावून बघणं तर दूरच. म्हणून हा तिचा चेहरा ओंजळीत घेऊन फिरत होता आणि एवढी वर्षं भटजी, पोलीस, उमेदवार सगळ्यांत त्या चेहऱ्याच्या जोडीचा दुसरा शोधत होता, त्याला बसेल तो चष्मा तिलाही बसेल म्हणून. आणि मी त्याला हिरो म्हणत होतो.

गोऱ्याला शब्दांनी काही सांगायची वेळ आली नाही. सगुणने खाणाखुणांनीच ड्रम फिरवून दाखवला, स्वतःच्या गालावर तेल उडवलं. गोऱ्याने पिशवीतून बर्फावरचा चष्मा काढला. मोठी नारंगी काच, भोवती जाड स्पंजाची कड, आणि डाव्या गालापाशी त्याने स्वतःसाठी चिकटवलेला स्पंजाचा आणखी एक थर. पैसे घेतले नाहीत. काजू मात्र भरपूर घेतले.

रतनने तो लावला. पट्टा सोडला, मान हलवली. राहिला. पेजेवर तोंड धरलं. काच स्वच्छ.

"उजेड येता?" सगुणने विचारलं. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"कडेसून? नाय."

दुसऱ्या दिवशी ती ड्रमपाशी उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला, नारंगी काचेत जाळ नाचतोय. बायका हातातलं काम टाकून बघत होत्या. पहिला घाणा उतरला, एकाही गराला डाग नाही. मीच भाजल्यासारखा मिरवत शेडभर फिरलो. आजही तो दिवस सांगताना माझी मान वर होते, जरी त्यात माझं काही नव्हतं.

सगुण पोती उतरवत होता. धुराने डोळे लाल, सारखा बाहीने पुसत होता. रतनने ड्रम थांबवला.

"आणि तुजो खय असा?"

"माका कित्याक गो?"

ती पुढे आली. हात काळे झालेले, ते तिने आधी पाठीमागे लुगड्याला पुसले. मग दोन्ही तळवे वाटीसारखे वाकवून भावाच्या डोळ्यांवर ठेवले. सगळ्यांच्या डोळ्यांवर हात ठेवत फिरणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांवर आजवर कुणी हात ठेवला नव्हता. मीही नाही.

"उजेड येता?"

सगुणने हातातलं पोतं खाली ठेवलं.

"येता गो बाय," तो म्हणाला. "सगळ्याकडसून."

"मगे हालू नको," रतन म्हणाली. "माप घेतंय."