जिवंतपणीची आदरांजली

वाशी गावात कुणाच्याही पुण्यानुमोदनाची सभा असो, माईक शेवटी निवृत्त शिक्षक आबारावांच्याच हातात जायचा. गेलेल्या माणसाला त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेलं नसलं तरी चालायचं. ते असं बोलत की लांबचे पाव्हणेही हुंदके देत. पण बायको गेली, लेक दीक्षा पुण्याला नांदायला गेली आणि रिकाम्या घरात आबारावांना एकच घोर लागला. आपल्या वेळी बोलणार कोण? लोक दोन शब्दांत उरकून पंगतीला पळतील.

म्हणून एका दुपारी त्यांनी स्वतःचंच भाषण मोबाइलवर बोलून ठेवलं. "कालकथित आबाराव म्हणजे विचारांचा डोंगर..." डोंगरापाशी त्यांनी स्वतःच डोळे पुसले. ते दीक्षाला पाठवायला गेले, पण चष्म्याविना बोट चुकलं आणि भाषण गेलं गावाच्या ग्रुपवर.

ग्रुपवर पूर्ण ऐकतो कोण? 'कालकथित' कानावर पडताच एकानं 'भावपूर्ण आदरांजली' टाकलं आणि मग जोडलेल्या हातांची रांगच लागली. मयत स्वतःच बोलतंय, हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. आबारावांनी घाईघाईनं लिहिलं, 'मी जिवंत आहे.' त्याखालीही हात जोडले गेले.

आधी त्यांना हसू आलं, मग फार वाईट वाटलं. एवढं गाव हळहळलं, पण दाराची कडी एकानंही वाजवली नाही. ते सांजेपर्यंत उंबऱ्यात बसून राहिले.

दिवे लागायच्या वेळी हार घेऊन श्रीमंतराव आले. सभेत आबारावांचा प्रत्येक मुद्दा खोडून काढणारा हा जुना वैरी हल्ली तेर गावी लेकाकडे राहत होता. समोर आबाराव बघून श्रीमंतराव जागीच थबकले.

"आत्ता! तुमी जित्ते हाव व्हय?"

"हाय की! ग्रुपवर माझाच आवाज होता, ऐकला न्हाय का?"

"तुमचं भाषण कधी कुणी पुरं ऐकलंय? नाव कानावर आलं आन् निघालो. एसटीत उभ्यानं भाषण जुळवलं, लई झकास जमलंय." श्रीमंतराव हिरमुसले. "आता त्याचं काय करू?"

आबारावांनी आतून खुर्ची आणली, अंगणात मांडली आणि स्वतःच तिच्यावर बसले. "करा सुरू."

"जित्त्या माणसापुढं?"

"म्या मधी बोलणार न्हाय."

श्रीमंतरावांनी घसा खाकरला. "आबारावाएवढा हेकट माणूस म्या बघितला न्हाय. पर त्यो गेला, आन् मला भांडायला कुणी उरलं न्हाय..."

आबारावांनी मान खाली घातली ती भाषण संपेपर्यंत वर केली नाही. टाळ्याही वाजवल्या नाहीत. अशा भाषणाला वाजवत नसतात.

"दुसरा मुद्दा जरा कच्चा वाटला," अखेर ते नाक ओढत म्हणाले. "उद्या परत या."