न बिघडणारा कम्प्युटर

दगडोबा गेले आणि त्यांच्या तेराव्याची पत्रिका करायचं काम नेहमीप्रमाणे रामलिंगअप्पांकडे आलं. देगलूरच्या त्या गल्लीत कोणीही गेलं की पत्रिका अप्पांनीच करायची, असा रिवाज पडला होता. भांड्यांचं दुकान बंद केलं, पत्नी जगदेवीबाई गेल्या आणि मुलगी मंजुश्री हैदराबादला नोकरीला लागली, त्यानंतर अप्पांना एवढा एकच उद्योग उरला होता. मजकूर तोच असे. नाव आणि फोटो तेवढा बदलायचा.

दगडोबांसाठी मात्र त्यांना पणत्यांची चौकट हवी होती. इंटरनेटवर शोधताना एका ठिकाणी ती फुकट दिसली. अप्पांनी दाबलं. आणखी एक बटण आलं, तेही दाबलं. तिसऱ्या बटणाला सगळा पडदा लालभडक झाला, भोंगा वाजू लागला आणि एक बाई इंग्रजीतून खडसावू लागली. अप्पांनी भिंतीतली वायरच उपटली. थोड्या वेळानं परत चालू केलं, तर दगडोबांचा हार घातलेला फोटो जागेवर होता आणि त्याच्याखाली चमकत्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अभिनंदन! तुमची निवड झाली आहे.'

अप्पांनी मुलीला फोन लावला.

"अप्पा, परत?" मंजुश्री म्हणाली.

"म्या काहीच केलं न्हाई. फकस्त पणत्या घेत होतो."

"आता कशालाच हात लावू नका. रविवारी येते मी."

इतका मोठा घोटाळा झालेला माणूस फोन ठेवल्यावर कपाळाला हात लावून बसला असता. अप्पा पिशवी घेऊन बाजारात गेले आणि कोवळी वांगी निवडत बसले.

रविवारी मंजुश्री आली. तिच्या मागोमाग शेजारचा व्यंकटही आला. बसस्टँडजवळ त्याचा कम्प्युटर क्लास होता, त्यामुळे गल्लीतल्या कुठल्याही कम्प्युटरबद्दल आपल्याला विचारल्याशिवाय काही होऊ नये, असं त्याला वाटे.

"याच्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकते," मंजुश्रीनं जाहीर केलं.

"ताई, घरात लिनक्स कोण वापरतंय?" व्यंकट म्हणाला. "सगळी दुनिया विंडोजवर हाय. उद्या काकांना काही अडलं तर गल्लीत कोणाला विचारतील?"

"विंडोज वाईट न्हाई हो, व्यंकटभाऊ. नवं असलं, रीतसर घेतलेलं असलं, वेळच्या वेळी अपडेट केलं, तर लई चांगलं चालतं. पण हे बघा की. विंडोज सेव्हन, तेबी चोरीचं. कंपनीनं याच्याकडं बघणं कधीचंच सोडून दिलंय. आणि नवं टाकावं म्हटलं तर याला झेपत न्हाई. लई म्हातारं झालंय."

अप्पा चहा घेऊन आत येत होते, ते दारातच थबकले. बोलणं कम्प्युटरचं चाललं आहे हे कळायला त्यांना जरा वेळ लागला.

"मग अॅपलचा घ्या," व्यंकट म्हणाला.

"तेराव्याच्या पत्रिका करायला?"

"बरं, लिनक्समध्ये असं काय सोनं लागलंय?"

"काहीबी आत घ्यायचं म्हटलं की आधी पासवर्ड विचारतंय. अप्पांनी कुठंबी बोट ठेवलं तरी आपोआप काही घुसत न्हाई. आणि व्हायरस बनवणारे लोक जास्त करून विंडोजच्याच मागं असतात."

"असणारच की! माणसं तिथं हायेत. ज्या घरात कोणी राहतच न्हाई, तिथं कशाला कोण येईल?"

अप्पांनी कप खाली ठेवले आणि बिस्किटं आणायला म्हणून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

संध्याकाळपर्यंत लिनक्स बसलं. व्यंकटचा सगळा भरवसा आता प्रिंटरवर होता. "प्रिंटर काय चालायचा न्हाई, सांगून ठेवतो," असं म्हणून तो खुर्ची ओढून बसला. प्रिंटरनं एकदा खाकरून दगडोबांना स्वच्छ छापून बाहेर काढलं. मग जुन्या पत्रिका उघडल्या. तिथं मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी झालेली होती. गल्लीतले सगळे दिवंगत वाचता येईनासे झाले होते.

"आता गं?" अप्पांनी विचारलं. त्यांच्या आवाजात काळजी होती की आशा, हे सांगणं कठीण होतं. "आणखी दोन दिवस तरी लागतील न्हाई का याला?"

"न्हाई हो. जुना फॉन्ट हाय, बदलून देते," मंजुश्री म्हणाली आणि वांग्याची भाजी शिजायच्या आत तिनं सगळे दिवंगत पूर्ववत करून दिले. सोमवारी पहाटेच्या बसला चढताना ती खुशीत होती. "आता निर्धास्त राहा अप्पा. वर्ष वर्ष काही व्हायचं न्हाई त्याला."

"बरं झालं," अप्पा म्हणाले आणि बस वळणाआड गेल्यावरही तिथंच उभे राहिले.

मंजुश्रीचा शब्द खरा ठरला. कम्प्युटर बिघडेना. सकाळी चालू करावा तर लगेच चालू होई. लाल पडदा नाही, भोंगा नाही, अभिनंदन नाही. पूर्वी दीड-दोन महिन्यांत काही ना काही होई आणि मंजुश्रीला यावं लागे. आता संक्रांत गेली, महाशिवरात्रही गेली. दोन्ही वेळा तिला सुट्टी मिळाली नाही, आणि कम्प्युटरही ठणठणीत होता.

मग अप्पांनी मनाशी ठरवून टाकलं. ज्या ज्या गोष्टी करू नका म्हणून मुलीनं बजावलं होतं, त्या ते एकेक करून करू लागले. फुकट चौकटी उतरवल्या. अनोळखी माणसांच्या ईमेल उघडल्या. 'आज तुमचं वीज कनेक्शन तोडण्यात येईल, सोबतची फाइल ताबडतोब उघडा' अशी एक ईमेल आली, तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. देवाला हात जोडून त्यांनी फाइल उघडली. 'ही फाइल उघडता येत नाही,' असं कम्प्युटरनं नम्रपणे सांगितलं. त्यांनी पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. तो पुन्हा पुन्हा तितक्याच नम्रपणे नाही म्हणाला. वीजसुद्धा गेली नाही.

शेवटी त्यांनी मुलीला फोन करून तक्रार केली, "अक्षरं लई बारकी दिसून राहिली."

"एवढंच ना? बसल्या जागी करून देते. मागच्या खेपेला सोय करून ठेवलीय मी. तुम्ही नुसतं पडद्यावर 'होय' म्हणा."

अप्पांनी होय म्हटलं. पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला. तो वर गेला, एक खिडकी उघडली, दुसरी मिटली. अप्पा हात मांडीवर ठेवून बघत होते. एवढ्या लांबून का होईना, बाण हलवणारा हात मुलीचा होता. जरा थांबतेस का, चहा टाकतो, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात अक्षरं मोठी झाली, बाण कोपऱ्यात जाऊन निपचित पडला आणि मंजुश्री म्हणाली, "झालं बघा. ठेवू का? मीटिंग हाय."

दुसऱ्या दिवशी अप्पा व्यंकटच्या क्लासात गेले.

"व्यंकट, ते जुनं विंडोज परत टाकून दे बाबा."

व्यंकटचा चेहरा उजळला. "म्हणलो होतो की न्हाई मी! काय त्रास झाला लिनक्सचा?"

"काहीच न्हाई. तोच त्रास हाय."

"म्हणजे?"

"मला ते पहिलंच पाहिजे. चोरीचं. सारखं बंद पडायचं ते."

व्यंकटनं त्यांच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. मग म्हणाला, "काका, तसलं मी आता कुणालाच टाकून देत न्हाई. क्लासातल्या पोरांचं सगळं काम एकदा त्याच्यात गेलं. दुसरं एखादं मशीन घ्या, त्याच्यावर नवं विंडोज, चांगला अँटिव्हायरस टाकून देतो. तेबी सहसा बिघडायचं न्हाई."

"तेबी न्हाई?"

"न्हाई."

अप्पा उन्हातून घरी आले. दिवसभर त्यांनी पत्रिकेला हात लावला नाही, खरं तर त्या आठवड्यात गल्लीत कोणी गेलंही नव्हतं. दिवेलागणीला त्यांनी कम्प्युटर चालू केला आणि मनाचा हिय्या करून त्यावरूनच मंजुश्रीला व्हिडिओ कॉल लावला. ती नुकतीच ऑफिसातून आली होती. खांद्यावरची पर्ससुद्धा तिनं उतरवली नव्हती.

"काय झालं, अप्पा?"

"कम्प्युटर बंद पडला गं. पार गेला. काहीच दिसंना."

मंजुश्रीनं पर्स खाली ठेवली. "काहीच न्हाई?"

"काहीच न्हाई. सगळा काळा पडदा."

"मी दिसते का तुम्हाला?"

"तू दिसतीस की."

"आवाज?"

"तोबी येतो. एकदम साफ." पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत कानटोपी घातलेला एक म्हातारा दिसत होता. त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. अप्पांनी त्याच्यावरून नजर काढली.

मंजुश्रीनं चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला, परत घातला आणि पडद्याच्या अगदी जवळ येऊन कम्प्युटर तपासावा तसं बापाला नीट पाहिलं.

"लईच बिघडलंय हो हे," ती म्हणाली. "इथून व्हायचं न्हाई. यावं लागंल मला."

"सवडीनं ये," अप्पा म्हणाले. "घाई न्हाई." मग थोडं थांबून, घसा साफ करून म्हणाले, "पण असलं जास्त दिवस अंगावर काढू नये म्हणून राहिला होता व्यंकट."