चंद्राकाकीचे दिल्लीतले पाहुणे

चंद्राकाकीच्या अंगणापुढून बंदराकडे जायचं तर जेवूनच जावं लागे. वाट तिच्या माडांखालून जात होती आणि काकी ओट्यावर बसलेली असे. "खंय चललंस? जेवलंस काय?" जेवलो म्हटलं की लगेच, "काय जेवलंस?" उत्तराला जरा उशीर झाला की आपली छत्री तिच्या खुंटीला. वाढतानाही तोंड चालूच. "चिमणीसारख्या खातंस काय? तुझ्या आवशीन ह्याच शिकवल्यान?" आमच्या पोस्टमनने शेवटी वाट बदलली आणि तो खाजणातून येऊ लागला. काकीने त्याला तिथं गाठून, चिखलात उभा असतानाच घावणे खायला लावले.

मी गावच्या शाळेत मास्तर. तिच्या शेजारीच बिऱ्हाड होतं. घरात ती एकटीच.

एकावन्न साल. शिमगा जवळ आला होता. मुंबईचा पेपर बोटीने शिळा होऊन यायचा आणि संध्याकाळी सदूच्या हॉटेलात मी तो मोठ्याने वाचायचो. दिल्लीत आशियाई खेळ भरणार, देशोदेशींचे खेळाडू येणार, एवढं वाचलं आणि हॉटेल पेटलं. दिवस रेशनिंगचे. तांदूळ मिळायचा तोही खड्यांसकट.

"आमच्या पोरांका पेज गावणा नाय," सदू किटली आपटत म्हणाला, "आणि दिल्लीत परक्यांका मेजवानी! धावतले ते आणि दमतलंव आमी!"

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

काकी मासळीची पाटी घेऊन रस्त्याने चालली होती. हॉटेलात बायका पाय ठेवत नसत. ती पाटीसकट थेट बाकड्यापर्यंत आली.

"सदू, तुझ्या लग्नाक व्हराड इला तेव्हा तुझ्या घरार कौलां होती? मगे पाहुण्यांका सांगलंस काय, आधी घर शाकारतंय, मगे येवा?"

"लग्न येगळा, काकी. ह्या सरकाराचा काम."

"सरकाराचा म्हणान पाहुण्यान उपाशी ऱ्हवाचा? पाहुणो तो पाहुणो!"

"मगे घाल तूच जेवूक! देशाच्या वतीन!"

लोक हसले. काकी हसली नाही. "घालतंय. खेळ सुरू होतत त्या दिसा सगळ्यांनी येवा. गरिबाच्या घराक पाहुणो कसो जेवता, ता दाखयतंय तुमका."

तेव्हापासून तिच्या चुलीवर भात शिजला नाही. माझी बायको सांगत आली, काकी कणगांचे कंद उकडून नि कुळथाची पिठी खाऊन राहते आणि रेशनचा तांदूळ मडक्यात साठवते. इकडे सदूने सगळ्यांना बजावलं, कोणी जायचं नाही. गेला तो दिल्लीवाल्यांच्या बाजूचा.

तो दिवस उजाडला. काकीने पहाटेच कोंबडी कापली. दुपारी अंगणात केळीची पानं मांडली, पाणी फिरवलं आणि ती वाटेकडे तोंड करून बसली. आम्ही नवराबायको गेलो. बाकी कोणी नाही. पानं सुकून कडेने वळायला लागली.

"काकी, मी बोलावून आणतो," मी म्हणालो.

"काय्येक गरज नाय. आवतण दिलंय. आता पाया पडूचंय नाय."

ती उठली. वड्यांची टोपली माझ्या बायकोच्या हातात, भाताचं तपेलं माझ्या डोक्यावर, आणि रश्शाचा टोप स्वतः उचलून ती निघाली. पोरांनी मला तशा अवतारात पाहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेत शिस्त राहिली नाही.

हॉटेलात सगळे बसले होतेच. काकीने बाकड्यावरचे कप बाजूला सारले आणि पानं मांडली.

"तुमी इलास नाय, म्हणान मी इलंय. गपचूप जेवा. जेवताना दिल्लीच्या पाहुण्यांका कोण नावां ठेवीत, तेचा पान ओढतलंय!"

रश्शाचा वास सुटला होता. पहिला हात सदूचाच गेला. थोड्या वेळाने तो खाली मान घालून म्हणाला, "काकी, रस्सो जरा आजून वाढ." तिने वाढला. वर म्हणाली, "लाज नाय तुका." आणि आणखी एक वडा टाकला.

रिकामी भांडी घेऊन आम्ही परतलो. वाटेत ती मागे रेंगाळली, मग माझ्या बरोबरीने चालू लागली.

"मास्तरांनू, ब्रह्मदेशातले लोक इलेत मां दिल्लीत?"

"आलेत. पेपरात आहे."

तिचा नवरा रंगूनच्या बोटीवर खलाशी होता. लढाई सुरू झाली आणि त्याची खबर थांबली. गावाने कधीच त्याला मेलेल्यांत धरलं होतं. तिच्यासमोर तसं बोलायची मात्र कोणाची हिंमत नव्हती.

"तेंका हंय बरां जेवूक गावला, तर घराक जाऊन सांगतले मां? थंय मगे आमच्या माणसाक कोण उपाशी ठेवचा नाय."

"चांगले जेवले ते," मी म्हणालो. "तेही छापून आलंय."

तिने डोक्यावरचा टोप सावरला. मग जरा काळजीने म्हणाली,

"तिखाट लागला नसतला मां तेंका? आमच्या ह्येंका तिखाट अजिबात सोसणा नाय."