मालूबाईच्या कढीतला आंबटपणा कोणी चोरला?

या मायबाप, जवळ सरका. एक आंबट गोष्ट सांगतो; हरिकीर्तनाची गोडी तिला नाही, पण ऐका.

"तापीच्या दोन्ही काठांवर माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. माझी जीभ म्हणजे चालती प्रयोगशाळा!" हे गिरधरभाऊ स्वतःच सांगतात, कारण दुसरं कोणी सांगत नाही. मी त्यांचा मदतनीस. म्हणजे पिशवी मी धरतो.

बहादरपुरात सप्ताहातलं त्या दिवशीचं कीर्तन आटोपलं, नैवेद्य झाला. नैवेद्याआधी आमच्याकडे कोणी चव घेत नाही, रांधणारीसुद्धा नाही. पहिली वाटी भाऊंनी 'तपासणीसाठी' उचलली, घोट घेतला नि ओरडले, "चोरी! कढीतला आंबटपणा गायब!"

प्रसादाची कढी दरसाल मालूबाईच्या हातची. तिचा चेहरा उतरला. "देवाला मी फिकी कढी दाखवली? मग उद्यापासून या चुलीपाशी येत नाही, भाऊ."

मी चाखायला पुढे झालो, तर भाऊंनी पातेल्यावर परात झाकली. "पुराव्याला हात नाही लावायचा! निंबा, तू ताकाऐवजी दूध दिलंस!"

"दूध महाग, ताक स्वस्त. मी येडा आहे का?" निंबा गवळी म्हणाला.

"मग बोक्यानं ताक पिऊन हंड्यात पाणी भरलं."

"बोक्यानं?" मी विचारलं.

"तालमीतला असेल."

एवढ्यात शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या वैजयंतीताई भाऊंच्या मिटलेल्या मुठीकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, जरा मूठ उघडा."

मुठीत चिंचोके!

"कीर्तनात डुलकी येऊ नये म्हणून चिंच चोखत होतो," भाऊ पुटपुटले. कीर्तनात डुलकी! मी कानांवर हात ठेवले.

"मग बरोबर आहे ना," ताई हसल्या. "आंबटातले आम्लाचे कण जिभेवरच्या चवीच्या पेशींत शिरतात. पेशी जागी होऊन नसेला खुणावते, नस मेंदूला कळवते, आंबट! पण तुम्ही तर तीच हाक सारखी मारत बसलात. टाळ एकसारखा वाजला की कानाला जाणवेनासा होतो, तसं झालं. चिंचेपुढं बिचारी कढी काय ऐकू येणार? चूळ भरा, थोडं थांबा."

भाऊंनी चूळ भरली, वाटीकडे बघत थांबले. हेच त्यांना सगळ्यात जड गेलं. मग घोट घेतला. एक डोळा मिटला, खांदे कानांना टेकले.

"काय भाऊ, दूध आहे का?" मालूबाईनं विचारलं.

"आंबटपणा मी परत मिळवून दिला! मामला खतम," भाऊ म्हणाले नि वाटी पुढे केली, "अजून एक."

मालूबाई पदर तोंडाला लावून हसली. वाटी काठोकाठ भरत म्हणाली, "निंबा, उद्या ताक लवकर आण रे."

तर मायबाप, घरी कढीला उकळी फुटेल तेव्हा देवापाठोपाठ आमच्या मालूबाईचं नाव घ्या. भाऊंचं राहिलं तरी चालेल. ते स्वतःच घेतात.